वाचनालयाने विकलेलं चित्र : ड्युरँडचं ‘किंड्रेड स्पिरिट्स’

ओवी_आर्कान्सा

बेंटनविल हे गाव बहुतेकांना वॉलमार्टमुळे ठाऊक असतं. नोकरीच्या निमित्ताने इथे बरीच मराठी कुटुंबं आहेत, आमचंही त्यातलंच. इथे क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कलासंग्रहालय आहे, २०११ मध्ये उघडलेलं. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही, त्यामुळे वरचेवर जाणं होतं. तिथल्या एका चित्राबद्दल हा धागा आहे.

अॅशर ब्राउन ड्युरँड या चित्रकाराने १८४९ मध्ये काढलेलं ‘किंड्रेड स्पिरिट्स’. तैलचित्र, उभं, साधारण पावणेचार फूट उंच. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरातली एक दरी, खाली खडकांतून वाहणारा ओढा, लांब धबधबा, आणि पुढे आलेल्या एका कातळावर उभे असलेले दोघे. एक चित्रकार थॉमस कोल, दुसरा कवी आणि संपादक विल्यम कलन ब्रायंट. चित्र काढलं तेव्हा कोल जिवंत नव्हता. फेब्रुवारी १८४८ मध्ये तो गेला, वय अवघं ४७. ब्रायंटने त्याच्यावर श्रद्धांजलीचं भाषण केलं. ते ऐकून जोनाथन स्टर्जेस या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने ड्युरँडला हे चित्र काढायला सांगितलं आणि ब्रायंटला भेट दिलं. नाव कीट्सच्या एका सुनीतातल्या ओळीवरून घेतलं आहे.

ब्रायंटनंतर त्याची मुलगी ज्युलिया हिने १९०४ मध्ये ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिलं. शंभर वर्षं ते तिथे होतं. २००५ मध्ये लायब्ररीने ते सोथबीज या लिलावगृहामार्फत विकायला काढलं आणि क्रिस्टल ब्रिजेस उभारणाऱ्या अॅलिस वॉल्टन यांनी घेतलं. वर्तमानपत्रांत आलेला आकडा साडेतीन कोटी डॉलरहून जास्त होता.

मला हे चित्र मनापासून आवडतं आणि ते माझ्या गावात आहे याचा आनंदही आहे. पण त्याची कुळकथा वाचल्यापासून एक प्रश्न सुटत नाही. मित्राच्या आठवणीसाठी काढलेलं, मुलीने सगळ्यांसाठी म्हणून दिलेलं चित्र सार्वजनिक वाचनालयाने विकावं का? शिवाय, ती दरी खरंच तशी दिसते का, हे तिकडच्या मंडळींनी सांगावं.

टेकडीवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. न्यू जर्सीत राहतो, कॅट्सकिलला दर उन्हाळ्यात जातो.

तशी दिसत नाही. दरी खरी आहे, धबधबाही खरा आहे, पण दोन्ही एका नजरेत येत नाहीत. दरी म्हणजे काटरस्किल क्लोव्ह, तिच्यातून आता २३ए हा राज्यमार्ग जातो. धबधबा काटरस्किलचा, दोन टप्प्यांत कोसळतो, उंची २६० फूट सांगतात. तो बाजूच्या घळीत आत आहे. ड्युरँडने तो उचलून दरीच्या टोकाला आणून ठेवला. कोलने आयुष्यभर या दोन्ही जागा रंगवल्या होत्या, म्हणून दोन्ही हव्यात, असा त्याचा विचार असावा. मला ते पटतं. ज्याच्या स्मरणार्थ चित्र काढायचं, त्याचं सगळं डोंगरातलं आयुष्य एका चौकटीत यायला हवं.

आणखी एक. ड्युरँड आमच्या न्यू जर्सीचा. आता ज्याला मेपलवुड म्हणतात तिथे १७९६ मध्ये जन्मला आणि १८८६ मध्ये तिथेच वारला. त्या भागात आपले बरेच लोक राहतात. ट्रेनमधून उतरून रोज घरी जाताना हे ध्यानात ठेवा.

अबोली७२

मेपलवुडमध्ये बरीच वर्षं राहिले, हे कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद टेकडीवाला!

शाईफुटकी

धागा फार आवडला. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ड्युरँडच्या हाताबद्दल थोडं.

हा माणूस मुळात चित्रकार नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा होता. जॉन ट्रंबुलचं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं प्रसिद्ध चित्र आहे ना, त्याची कोरीव प्रत ड्युरँडने १८२० ते १८२३ अशी तीन वर्षं खपून केली. त्या कामाने त्याचं नाव झालं. कोरणाऱ्याला पुसता येत नाही, सुरी चालली की चालली. म्हणून या चित्रात पान न् पान, सालीवरची भेग न् भेग दिसते. वरच्या फांद्या दोन्हीकडून आत झुकून कमान करतात ना, तिथली पानं नीट बघा. ढोबळ हिरवा फटकारा कुठेही नाही.

१८५५ मध्ये ‘द क्रेयॉन’ या मासिकात त्याने निसर्गचित्रणावर पत्रं लिहिली. तरुण चित्रकारांना त्याचं सांगणं असं की आधी बाहेर जा, समोरचं झाड जसं आहे तसं काढायला शिका, मग स्टुडिओत बसून रचना करा. टेकडीवाला म्हणतात ते धबधबा उचलून आणणं याच शिस्तीतलं आहे. प्रत्येक खडक पाहिलेला आहे, मांडणी त्याची स्वतःची.

आणि कोल-ड्युरँड नात्याची सुरुवात सुंदर आहे. १८२५ मध्ये कोल हडसन नदीने वर गेला आणि परत येऊन काढलेली चित्रं न्यूयॉर्कच्या एका दुकानात ठेवली. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. इंग्लंडमधल्या लँकेशरचा, वयाच्या सतराव्या वर्षी आईवडिलांबरोबर आलेला मुलगा. ट्रंबुल, विल्यम डनलॅप आणि ड्युरँड या तिघा कलाकारांनी ती चित्रं घेतली. म्हणजे ज्यांनी कोलचं पहिलं मोठं कौतुक केलं त्या तिघांतल्या एकानेच चोवीस वर्षांनी त्याचं स्मृतिचित्र काढलं. हे माहीत झालं की चित्राकडे बघायची नजर बदलते.

गावठी_गणित

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नये.

वाचनालयाचं काम पुस्तकं ठेवणं आणि लोकांना वाचायला देणं हे आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या शाखा मॅनहटन, ब्राँक्स, स्टेटन आयलंडभर आहेत. तिथे नवे आलेले लोक इंग्रजी शिकतात, मुलं अभ्यास करतात, नोकरी शोधणारे संगणक वापरतात. संग्रहासाठी लागणारा निधी वाढवायचा म्हणून हे चित्र आणि काही इतर कलाकृती विकायला काढल्या, असं लायब्ररीने सांगितलं होतं. साडेतीन कोटी डॉलरचं व्याज दरवर्षी किती पुस्तकं आणेल याचा विचार करा. चित्र सांभाळायला हवा, उजेड, विमा, पहारा सगळं लागतं, आणि ते काम संग्रहालयाचं. ते आज संग्रहालयातच आहे, विनातिकीट, सगळ्यांना खुलं. मग नुकसान नेमकं कुणाचं झालं?

निळावंती

गावठी_गणित दादा, राग अजिबात नाही, पण मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आहे तेव्हा गप्प बसवत नाही.

नुकसान विश्वासाचं. ज्युलिया ब्रायंटने ते चित्र बाजारात विकून पैसे दिले नव्हते, चित्र दिलं होतं. देणारा माणूस संस्थेच्या आयुष्यावर भरवसा ठेवतो, कारण त्याचं स्वतःचं आयुष्य संपणार असतं. आणि जागा बघा! लायब्ररीच्या मुख्य इमारतीच्या मागे लागूनच जी बाग आहे तिचं नाव ब्रायंट पार्क. १८८४ पासून. याच ब्रायंटने १८४४ मध्ये आपल्या ‘ईव्हनिंग पोस्ट’मध्ये लिहून शहराला मोठी सार्वजनिक बाग हवी असं मांडलं, ज्यातून पुढे सेंट्रल पार्कची चळवळ उभी राहिली. ते चित्र तिथे शोभेची वस्तू म्हणून नव्हतं. शहराशी त्याचं नातं होतं.

मुंबईचं उदाहरण देते. एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, ही गोष्ट आम्ही नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकत आलो. टाउन हॉलच्या छताची गळती, कर्मचाऱ्यांचे पगार, या अडचणी काही कमी नव्हत्या. तरी दिलं नाही.

वडाची_पारंबी

निळावंतीताईंना +१. दान्तेचं उदाहरण चपखल.

गावठी_गणित

ताई, पण ते हस्तलिखित आहे, म्हणजे वाचनालयाच्या मूळ कामातलं. लायब्ररीने आपली दुर्मीळ पुस्तकं विकली असती तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो.

दूरदेशी

विक्री कशी झाली तेही लिहितो, कारण मला ती पद्धत जास्त खटकते.

नेहमीचा हातोडा मारून होणारा लिलाव नव्हता. बंद पाकिटात बोली मागवली. प्रत्येकाने एक आकडा लिहायचा, समोरच्याने किती लिहिलं हे कळायचं नाही, वर चढायची संधी नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांनी मिळून बोली लावली होती. दोन एवढ्या मोठ्या संस्था एकत्र येऊनही कमी पडल्या. एप्रिलमध्ये विक्रीची बातमी फुटली आणि मे महिन्यात निकालही लागला. शहरातल्या लोकांना वर्गणी काढायला, सभा घ्यायला वेळच मिळाला नाही. विकायचं असेल तर विका, पण वर्षभर आधी सांगा. शहराला ते ठेवून घ्यायची खरी संधी द्या. गावठी_गणित यांचं गणित मान्य केलं तरी ही घाई मला मान्य होत नाही.

नियमांचंही सांगतो. अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या संचालकांची संघटना आहे. तिचा तेव्हाचा दंडक असा होता की कलाकृती विकली तर येणारा पैसा नव्या कलाकृती घेण्यासाठीच वापरायचा, पगार आणि डागडुजीसाठी नाही. कोविडच्या काळात त्यांनी तो काही काळ सैल केला आणि २०२२ मध्ये संग्रहातल्या कलाकृतींच्या थेट जतनासाठीही हा पैसा वापरायला मुभा दिली. पण लायब्ररी ही संग्रहालय नव्हे, तिला तो लागूच होत नाही. ज्या संस्थेला लागू होतो तिने मोडला तर काय होतं ते २००८ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कमधल्या चित्रकारांच्या संस्थेने, म्हणजे नॅशनल अॅकॅडमीने फ्रेडरिक चर्चचं आणि सॅनफर्ड गिफर्डचं अशी दोन निसर्गचित्रं जवळजवळ १ कोटी ३५ लाख डॉलरला विकली, रोजचा खर्च भागवायला. संघटनेने सगळ्या संग्रहालयांना सांगितलं की यांना चित्रं उसनी देऊ नका, यांच्याबरोबर प्रदर्शनं करू नका. ही बंदी २०१० पर्यंत होती.

आणि या अॅकॅडमीचा १८४५ ते १८६१ अध्यक्ष कोण होता? ड्युरँड.

शाईफुटकी

दूरदेशी, शेवटची ओळ वाचून वाईट वाटलं. ज्या संस्थेला त्याने सोळा वर्षं दिली, तिनेच त्याच्या पुढच्या पिढीची चित्रं विकली.

कडेकपारी

चर्चचं नाव निघालंच आहे तर थोडं अवांतर, पण विषयाला धरून. फ्रेडरिक चर्च हा कोलचा शिष्य, दोन वर्षं त्याच्याकडे शिकला. त्याच्या ‘द आइसबर्ग्ज’ची कुळकथा यापेक्षाही विलक्षण आहे.

१८५९ च्या उन्हाळ्यात चर्च न्यूफाउंडलंड आणि लॅब्रडॉरच्या समुद्रात हिमनग बघायला गेला. होडीतून जवळ जाऊन रेखाटनं केली. त्यावरून जवळजवळ साडेनऊ फूट रुंद चित्र केलं आणि एप्रिल १८६१ मध्ये न्यूयॉर्कला मांडलं. नेमकं त्याच्या बारा दिवस आधी फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या होत्या, यादवी युद्ध सुरू झालं होतं. चर्चने चित्राचं नाव ‘द नॉर्थ’ ठेवलं, २५ सेंट प्रवेशशुल्क ठेवून पैसे सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला दिले. पण चित्राला गिऱ्हाईक मिळालं नाही. मग १८६३ मध्ये ते लंडनला नेलं. नेण्याआधी पुढच्या बर्फावर जहाजाची मोडकी डोलकाठी रंगवली. आर्क्टिकमध्ये नाहीशा झालेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेची आठवण इंग्रजांच्या मनात ताजी होती.

तिथे ते एडवर्ड वॅटकिन या रेल्वेवाल्याने घेतलं. हा तोच वॅटकिन ज्याने १८८० च्या दशकात इंग्लिश खाडीखालून बोगदा खणायला सुरुवात केली होती. मँचेस्टरजवळ रोझ हिल नावाच्या त्याच्या घरात ते लागलं. तो वारला, घराचे मालक बदलले, पुढे तिथे मुलांचं सुधारगृह झालं. चित्र जिन्याजवळच्या भिंतीवर तसंच. अभ्यासक ते हरवलं असं धरून चालले होते आणि तिकडे मुलं रोज त्याच्यासमोरून वरखाली करत होती. १९७९ मध्ये ते ओळखलं गेलं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला, २५ लाख डॉलर आले. अमेरिकन चित्राला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवून ते डॅलसच्या संग्रहालयाला दिलं.

मला यातून एवढंच मांडायचं आहे की विक्री प्रत्येक वेळी वाईट नसते. ते चित्र विकायला निघालं नसतं तर आजही कुणाच्या लक्षात आलं नसतं. मूळ प्रश्नाचं उत्तर ‘विकू नये’ असं सरसकट देता येणार नाही. आधी ते कुठे होतं आणि नंतर कुठे गेलं, हे बघावं लागेल.

टेकडीवाला

कडेकपारी, भन्नाट! डॅलसला मावशी आहे, आता जाणं आलं.

मुंगीचे_घर

वाचते आहे, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्या दरीत कोणीच राहत नव्हतं असं चित्र बघून वाटतं. तो मुलूख मोहिकन आणि मन्सी लोकांचा. त्यांचे वंशज आज स्टॉकब्रिज-मन्सी म्हणून विस्कॉन्सिनमध्ये आहेत, म्हणजे हजारभर मैल दूर ढकलले गेले. शिवाय ड्युरँडने रंगवलं तेव्हा ते डोंगर अस्पर्श नव्हते. हेमलॉक झाडांची साल सोलून कातडी कमवायचे कारखाने तिथे जोरात होते, साल काढली की झाड मरायचं. वर माउंटन हाउस नावाचं मोठं हॉटेल १८२४ पासून चालू होतं. चित्रात यातलं काहीही नाही.

मला चित्र सुंदर वाटतं. पण त्याची पार्श्वभूमी सांगायची तर व्यापारी, कवी आणि मुलगी एवढीच नको, हेही सांगायला हवं.

शाईफुटकी

मुंगीचे_घर, बरं झालं लिहिलंत. भर घालते. कोलला हे दिसत होतं. १८३६ च्या त्याच्या अमेरिकन निसर्गावरच्या लेखात कुऱ्हाडीने चाललेल्या नासाडीबद्दल स्पष्ट दुःख आहे. १८४३ च्या एका कॅट्सकिलच्या चित्रात त्याने झाडं तोडलेली मोकळी जमीन आणि लांबून जाणारी आगगाडी काढली आहे. स्टर्जेसच्या घरात लागणाऱ्या भेटवस्तूत ड्युरँडने ते आणलं नाही. पण पुढच्या बाजूला एक तुटलेलं खोड आहे. बरेच जण ते कोलच्या अकाली मृत्यूचं चिन्ह मानतात, आणि कोल स्वतः असली मोडकी झाडं वारंवार काढायचा. मला त्या खोडात दोन्ही दिसतं, माणूसही आणि जंगलही.

निळावंती

किंचित दुरुस्ती, शाईफुटकी. चित्र स्टर्जेसच्या घरासाठी नव्हतं, ब्रायंटच्या घरासाठी होतं. बाकी शब्दन् शब्द पटला.

वडाची_पारंबी

भारतात हे होऊ शकलं असतं का? मला वाटतं १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आडवा आला असता. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस अशा ठरावीक चित्रकारांचं काम देशाबाहेर नेताच येत नाही.

दूरदेशी

पारंबी, तो कायदा देशाबाहेर नेण्यापुरता. देशातल्या देशात विकायला बंदी नाही. रविवर्म्यांची चित्रं भारतातल्या लिलावांत दर वर्षी विकली जातात. हे चित्रही न्यूयॉर्कहून आर्कान्सालाच गेलं, देश सोडलाच नाही. तेव्हा आपला कायदाही इथे काही करू शकला नसता.

रानजाई

माझा प्रश्न वेगळा आहे पण घरचा आहे. आजोबांचा पुस्तकांचा मोठा संग्रह आणि काही जुनी जलरंगातली चित्रं गावच्या वाचनालयाला द्यायची आहेत. हा धागा वाचून धाकधूक वाटायला लागली. काय काळजी घ्यावी?

निळावंती

रानजाई, जरूर दे. तोंडी देऊ नकोस. दानपत्र कर आणि त्यात यादी जोड, चित्रांचे फोटोही. संस्थेला एखादी वस्तू ठेवणं जमेनासं झालं तर आधी कुटुंबाला विचारायचं, कुटुंबाने नाही म्हटलं तर दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला द्यायचं, विकायचं नाही, असं स्पष्ट लिही. मात्र अटींचा डोंगर करू नकोस, नाहीतर छोटी वाचनालयं घ्यायलाच घाबरतात. आणि जलरंग उन्हाच्या भिंतीवर लावायचे नाहीत, एवढं त्यांना समजावून सांग.

रानजाई

खूप आभार ताई. उद्याच काकांशी बोलते.

ओवी_आर्कान्सा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. दूरदेशींचा मुद्दा मला सगळ्यात पटला. विकणं आणि घाईने, बंद पाकिटात विकणं, यांत फरक आहे.

इथली एक बाजूही सांगते. या भागात पूर्वी एवढ्या तोडीचं कलासंग्रहालय नव्हतं. शाळांच्या बस येतात, मुलं जमिनीवर बसून चित्रं काढतात. माझ्या लेकीच्या वर्गाने डाव्या बाजूच्या बर्चच्या खोडावर कोरलेली ब्रायंट आणि कोलची नावं शोधून काढली, मला तोवर दिसली नव्हती. न्यूयॉर्कच्या मुलांकडे मेट्रोपॉलिटन आहे, तिथे ड्युरँड, कोल, चर्च सगळे आहेत. आमच्या मुलांकडे हे आहे. निळावंतीताई, ज्युलियाचा भरवसा मोडला हे मला मान्य आहे. पण चित्र चांगल्या ठिकाणी पोहोचलं हेही खरं आहे.

निळावंती

ओवी, तुझ्या लेकीला शाबासकी. मुलांना मिळतंय याचा मलाही आनंद आहे. तरी माझं मत तेच राहील. शेवट चांगला झाला तो विकत घेणाऱ्या बाईंनी संग्रहालय उभारायचं ठरवलं होतं म्हणून. पाकिटात सगळ्यात मोठा आकडा लिहिणारा कुणी दुसरा असता तर ते एखाद्या दिवाणखान्यात गेलं असतं, आणि लायब्ररीला तेही चालवून घ्यावं लागलं असतं. संस्थेने तो धोका पत्करला, त्याला माझा आक्षेप आहे.

गावठी_गणित

ताई, हा मुद्दा बिनतोड आहे. विकावं या मतावर मी अजून ठाम आहे, पण ‘फक्त सार्वजनिक संग्रहालयालाच’ अशी अट घालायला हवी होती. पैसे थोडे कमी आले असते तरी चाललं असतं.

टेकडीवाला

आता या अटीवर सगळ्यांचं जमतंय असं दिसतं!

पूर्वेकडे राहणाऱ्यांसाठी : कॅट्सकिल गावात कोलचं घर सीडर ग्रोव्ह बघायला खुलं आहे. समोर नदीपलीकडे चर्चचं ओलाना. ते घरही १९६० च्या दशकात विकलं जाणार होतं, लोकांनी पैसे जमवले आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते घेतलं. वेळ मिळाला की लोक काय करू शकतात ते तिथे बघायला मिळतं. दोन्ही घरांच्या मध्ये रिप व्हॅन विंकल पुलावरून चालत जायची वाट आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, पानं रंगलेली असतात. धबधब्याच्या पायथ्याशी जाताना मात्र दगड निसरडे असतात, चांगले बूट घाला आणि मुलांचा हात सोडू नका. सप्टेंबरअखेर मी जाणार आहे, कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.